सावध मन, समाधानी जीवन

'सुखी माणसाचा सदरा' ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. आजारी राजाला वैद्य सांगतो, की राज्यातील सुखी माणसाचा सदरा अंगात घाला, म्हणजे बरे वाटेल. शिपाई गावोगाव हिंडतात. शेवटी एक सुखी माणूस सापडतो, पण त्याच्या अंगात सदराच नसतो! गोष्ट ऐकून आपण हसतो आणि विसरून जातो. परंतु गोष्टीतला तो आजारी राजा आज घरोघरी आहे, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

आपल्या महाड-पोलादपूर भागात कोणत्याही डॉक्टरांना विचारून पाहा. डोके जड वाटते, छातीत धडधडते, पोटात गॅस धरतो, रात्री दोन वाजता जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, अशा तक्रारी घेऊन रोज कितीतरी रुग्ण येतात. रक्त, लघवी, कार्डिओग्राम सारे तपासून झाले तरी दोष सापडत नाही. 'काही नाही हो, टेन्शन आहे' असे ऐकून रुग्ण घरी येतो. पण हे टेन्शन घालवायचे कसे, हे त्याला कोणी सांगत नाही. घरात पंखा आला, टी.व्ही. आला, हातात मोबाईल आला, दारात मोटारसायकल उभी राहिली. वस्तू वाढल्या, परंतु त्याबरोबर समाधान वाढले असे म्हणवत नाही.

समाधान बाजारात मिळत नाही, हे खरेच. पण ते हिमालयात जाऊनच मिळते असेही नाही. आपण जे काम करीत आहोत त्यात आपले लक्ष असणे आणि काही साध्या सवयी रोज पाळणे, एवढ्यानेही मनाला पुष्कळ उसंत मिळते. आज त्याविषयीच थोडे समजून घेऊ.

मन असते तरी कुठे?

सकाळी आपण चहा पितो. तोंडात चहा असतो, डोळे मोबाईलवर असतात आणि मन कालच्या भांडणात किंवा महिनाअखेरच्या हप्त्यात अडकलेले असते. कप रिकामा होतो, पण चहा प्यायल्याचे समाधान काही मिळत नाही. आंघोळ, जेवण, कामावर जाणे, मुलांशी बोलणे हे सारे असेच चालते. देह एका जागी आणि मन भलत्याच गावी!

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोन शास्त्रज्ञांनी २०१० साली याचा एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २,२५० माणसांना त्यांनी दिवसात कोणत्याही वेळी मोबाईलवरून तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही आता काय करता आहात? तुमचे मन त्याच कामात आहे की दुसरीकडे? आणि तुम्हाला कसे वाटते आहे? उत्तरे तपासल्यावर असे दिसले, की जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतेच. मन भटकत असताना माणसे कमी सुखी होती. माणूस कोणते काम करतो यापेक्षा त्याचे मन त्या कामात आहे की नाही, यावर त्याचे सुख अधिक अवलंबून होते.

आपल्या वाडवडिलांना हे निराळ्या शब्दांत ठाऊक होते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण उगीच पडलेली नाही. बाहेरचा शत्रू कधीतरी येतो, पण मनातला चोवीस तास घरातच असतो.

चिंता शरीरात काय करते?

हे समजायला विंचवाचे उदाहरण घेऊ. विंचूदंशाच्या उपचाराबाबत आपल्या महाडचे नाव जगभर झाले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करून लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्राझोसिन या औषधाच्या वापरामुळे विंचूदंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे वाचकांना ठाऊक असेलच.

विंचू चावल्यावर त्याच्या विषामुळे आपल्याच शरीरातील अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम लोटली जातात. हृदय जोराने धडधडते, रक्तदाब चढतो, घामाच्या धारा लागतात, हातपाय गार पडतात. हे वादळ हृदयाला सोसवत नाही, म्हणून तो दंश जिवावर बेततो.

आता गंमत पाहा. आपण घाबरतो किंवा चिंता करतो तेव्हाही हीच द्रव्ये रक्तात येतात, अर्थात प्रमाण फार थोडे असते. समोर वाघ उभा राहिला तर पळता यावे, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. वाघ गेला की द्रव्ये ओसरतात आणि शरीर शांत होते. पण मनातला वाघ जातच नाही! कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, शेजाऱ्याचा बांध यांचा विचार रात्रंदिवस चालू राहिला, की ही द्रव्येही थोडी थोडी येतच राहतात. त्यातून झोप उडते, पित्त खवळते, रक्तदाब वाढू लागतो, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात राहत नाही. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचाच फरक आहे, असे जुने लोक म्हणत ते यामुळेच.

शब्द आपलाच आहे

हल्ली शहरांत 'माइंडफुलनेस' या नावाने वर्ग भरतात आणि त्याची फीही बरीच असते. नाव नवे वाटले तरी गोष्ट नवी नाही. मराठीत त्याला अगदी घरगुती शब्द आहे, तो म्हणजे 'सावधान'. प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी आपण तो ऐकतो आणि अक्षता टाकतो. सावधान म्हणजे अवधानासहित, लक्ष ठेवून. लहानग्या नारायणाने लग्नमंडपात हाच शब्द ऐकला आणि तो तिथून निघून गेला, अशी समर्थ रामदासांची कथा परंपरेने सांगितली जाते. त्याच समर्थांनी दासबोध सांगितला ती शिवथरघळ आपल्या महाड तालुक्यात आहे असे मानले जाते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. पावसाळ्यात तेथे धबधब्याचा प्रचंड आवाज असतो, तरी आत बसलेल्या माणसाचे मन शांत होते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. संसार असो वा परमार्थ, माणसाने सावधपणे वागावे, हा आग्रह दासबोधात जागोजागी आहे.

त्याही मागे जायचे तर मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात हिंडणे थांबवून एका जागी मुक्काम करीत, त्याला वर्षावास म्हणतात. बुद्धाच्या शिकवणुकीत 'सति' या पाली शब्दाला मोठे स्थान आहे. सति म्हणजे स्मृती, आत्ताच्या क्षणाचे भान. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, मी चालतो आहे, बसतो आहे, मनात राग आला आहे, हे जाणत राहायचे. राग दाबायचा नाही आणि त्याच्या मागे धावायचेही नाही, नुसते जाणायचे.

हीच साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले. १९७६ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला 'धम्मगिरी' केंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला फी नसते, ते दानावर चालते. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यात ही साधना धार्मिक भाग वगळून शिकवली. वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांत आजार पुन्हा उलटू नये म्हणून इंग्लंडमध्येही तिचा उपयोग केला जातो. म्हणजे आपलाच माल परदेशी वेष्टनात परत आला आहे!

सावधपणा निराळा, चिंता निराळी

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. महाडच्या माणसाला 'काळजी करू नका, आनंदी राहा' असे नुसते सांगून चालणार नाही. २५ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खाली आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. ऑगस्ट २०२० मध्ये शहरातील पाच मजली इमारत कोसळली. आणि २२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडाले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर-सुतारवाडीला दरडी कोसळून माणसे दगावली.

ज्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे पावसाचाच आवाज भीतीचा झाला तर माणसाने जायचे कुठे? रात्री पत्र्यावर सर आली की दचकून उठणारी माणसे आजही आहेत. महाबळेश्वरला पाऊस लागला अशी बातमी आली, की घरातल्या कर्त्या माणसाचे जेवणावरचे लक्ष उडते. जुलै महिना जवळ आला की काहींची झोप आपोआप कमी होते. हा भित्रेपणा नव्हे. मोठ्या आघातानंतर मन असे वागते, त्या तारखा जवळ आल्या की ते पुन्हा हलते, हे मानसशास्त्राने मान्य केले आहे. अशा माणसाला 'विसरून जा' म्हणू नये.

पण सावधपणा आणि चिंता यांतला फरक त्याने जरूर शिकावा. सावध माणूस पाऊस सुरू होण्यापूर्वीच रेशनकार्ड, सातबारा, शाळेचे दाखले, बँकेची पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवतो. बॅटरी चालते का ते पाहतो. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आठ-दहा दिवसांच्या आणून ठेवतो. पाणी वाढले तर आजीला कोणी उचलायचे, गुरे कोणी सोडायची आणि कोणाकडे जायचे, हे घरात बसून ठरवतो. तलाठी, ग्रामपंचायत, तहसील कचेरीचे नंबर भिंतीवर लिहून ठेवतो. गाव सोडा असा निरोप आला तर वाद न घालता निघतो. हे सारे झाले की तो आडवा होतो आणि झोपतो.

चिंता करणारा माणूस यातले काही करीत नाही, तो रात्रभर नुसता जागतो. सावधपणाला हातपाय असतात आणि तो काम झाले की थांबतो. चिंतेला हातपाय नसतात आणि तिला शेवटही नसतो. म्हणून मनात काळजी आली की स्वतःला एकच प्रश्न विचारावा, 'यावर मला आत्ता काही करता येईल काय?' येत असेल तर उठून करावे. येत नसेल तर लक्ष हातातल्या कामाकडे, नाहीतर श्वासाकडे आणावे.

रोजच्या साध्या सवयी

खालील सवयींना पैसा लागत नाही. सगळ्या एकदम सुरू करू नयेत. झेपेल ती एक निवडावी.

१. पाच मिनिटे श्वास : सकाळी तोंड धुतल्यावर पडवीत, ओटीवर किंवा गॅलरीत पाठ सरळ ठेवून बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालेल. श्वास आत येतो आणि बाहेर जातो, त्याकडे लक्ष ठेवा. बाहेर सोडताना सावकाश सोडा, त्यामुळे हृदयाची गती उतरते. मन पळेल, पळू द्या. पळाल्याचे लक्षात आले की रागावू नका, लहान मुलाला हाताला धरून आणतो तसे परत आणा. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरू नये.

२. एका वेळी एक काम : निदान एक काम रोज पूर्ण लक्ष देऊन करा. भाकरी थापणे, अंगण झाडणे, झाडांना पाणी घालणे, दुकानाची वही लिहिणे, कोणतेही चालेल. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून आवण लावणाऱ्या बायका पाहा. हात चालू, गाणे चालू आणि मन हातात. काम कष्टाचे खरे, पण त्या वेळी मनाला भरकटायला जागा राहत नाही.

३. जेवताना जेवण : टी.व्ही. बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पहिले पाच घास तरी चव घेऊन, सावकाश चावून खा. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, माशाचे कालवण, जे पानात असेल त्याची चव कळली पाहिजे. पोट भरल्याची सूचना मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणारा म्हणूनच जास्त खातो. लक्ष देऊन जेवल्याने समाधानही मिळते आणि वजनही आवरते.

४. रोजचे चालणे : अर्धा तास चाला. चवदार तळ्याभोवती, गावच्या रस्त्याने, शेताच्या बांधावरून, जिथे सोय असेल तिथे. चालताना कानात गाणी नकोत. पाय जमिनीला लागतो तो जाणवू द्या, झाडे पाहा, ओळखीच्या माणसाला हाक मारा. चालण्याने साखर आणि रक्तदाब यांना फायदा होतोच, मनही हलके होते. एम.आय.डी.सी.त पाळीने काम करणाऱ्यांनी पाळी संपल्यावर दहा मिनिटे तरी असे चालावे, म्हणजे कारखाना डोक्यात घेऊन घरी जावे लागत नाही.

५. मोबाईलला वेळ ठरवा : उठल्यावर पहिला अर्धा तास आणि झोपण्यापूर्वीचा एक तास मोबाईल नको. पावसाळ्यात कोणीतरी जुन्या पुराची चित्रफीत आजची म्हणून पाठवतो आणि गावभर घबराट होते. पाण्याची पातळी जाणून घ्यायची तर दिवसातून ठरावीक वेळी सरकारी सूचना पाहा. इशारा दिलेला असेल तर फोन चालू ठेवून उशाशी ठेवावा, पण त्याकडे टक लावून बसू नये.

६. झोपेची वेळ सांभाळा : रोज साधारण एकाच वेळी झोपावे आणि उठावे. सायंकाळनंतर चहा टाळावा. दारूने झोप लागते हा मोठा गैरसमज आहे. गुंगी येते, पण मध्यरात्री जाग येते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक उदास होते.

७. चांगले ते आठवा : रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात बरे घडलेल्या तीन गोष्टी आठवा. कोणी गाडीत जागा दिली, गाईने दूध बरे दिले, नातवाचा फोन आला. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कृतज्ञतेच्या गोष्टी लिहून काढणारी माणसे कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळली. आपल्याकडे दिवेलागणीला हात जोडण्याची रीत होती, तिच्यामागे हाच विचार असावा.

८. माणसे जोडा : ही सवय सर्वांत महत्त्वाची. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालला आहे. पैसा वा प्रसिद्धीपेक्षा जिव्हाळ्याचे संबंध माणसाला म्हातारपणी सुखी आणि निरोगी ठेवतात, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. आपल्या डोंगराळ वाड्यांत अर्धी घरे बंद असतात. मुले मुंबई, ठाणे, पुण्याला, घरात फक्त म्हातारा-म्हातारी. चाकरमानी येतात ते गणपतीला आणि शिमग्याला. मुलांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन करावा आणि दोनच मिनिटे का होईना, पण मन लावून बोलावे. गावात असणाऱ्यांनी शेजारच्या एकट्या आजीच्या ओटीवर रोज क्षणभर टेकावे. समोरचा बोलत असताना त्याचे नीट ऐकणे ही देखील सावधपणाची साधनाच आहे.

सवय लागावी कशी?

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण सवयीला अगदी लागू पडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असा त्यातून अंदाज निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला अडीचशे दिवसही लागतील असे दिसले. एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही, हेही आढळले. म्हणून एकवीस दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नये. नवी सवय जुन्या सवयीला बांधावी. तोंड धुतले की श्वास, पान वाढले की मोबाईल दूर, दिवा मालवला की तीन गोष्टी, असे केले म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

काही शंका

*वेळ कुठे आहे?* असे पुष्कळ जण विचारतात. वरच्या सवयींपैकी बहुतेकींना वेगळा वेळ लागतच नाही. जेवतो, चालतो, बोलतो ते आपण रोज करतोच. तेच लक्ष देऊन करायचे आहे.

*माझे मन मुळीच स्थिर होत नाही, मग मला जमणार कसे?* मन स्थिर करायचे नाही, ते पळाले हे ओळखायचे आहे. जितक्या वेळा ओळखून परत आणाल, तितका व्यायाम झाला असे समजा.

*हे एखाद्या धर्माचे आहे काय?* श्वासाला धर्म नाही. कोणी नामस्मरण करतो, कोणी नमाज पढतो, कोणी बुद्धवंदना म्हणतो, कोणी नुसता शांत बसतो. लक्ष देऊन केले तर प्रत्येकाला लाभ आहे.

*समाधानी राहायचे म्हणजे अन्याय मुकाट सोसायचा काय?* मुळीच नाही. ज्या महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावला, तेथे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्याच बाबासाहेबांनी १९५६ साली बुद्धाचा मार्ग स्वीकारला. शांत मन म्हणजे थंड मन नव्हे. हक्काची मजुरी, पुनर्वसनाचे घर, गावाला पाणी यांसाठी भांडावेच लागते. संतापाने बेभान झालेल्या माणसापेक्षा शांत डोक्याचा माणूस ती लढाई अधिक काळ लढू शकतो. श्वासाकडे पाहून पोट भरत नाही आणि कर्जही फिटत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण कर्ज फेडायला जे डोके लागते, ते मात्र ठिकाणावर राहते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्रत्येक दुःख सवयींनी जात नाही. सतत दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, भूक आणि झोप पार बिघडणे, पुराचे वा दरडीचे प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊन अंगाला कंप सुटणे, दारू वाढत जाणे, जगू नये असे विचार येणे, ही आजाराची लक्षणे आहेत. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. मोडलेल्या हाडाला जसे प्लॅस्टर लागते, तसे येथेही उपचार लागतात आणि त्याने गुण येतो. अंगारा-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, ते मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवतील. सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

ज्यांना पूर्वी गंभीर मानसिक आजार झालेला आहे, त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. एकांतात बराच वेळ बसल्याने काहींचा त्रास वाढू शकतो. चालू औषधे मनाने बंद करू नयेत. ध्यान हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नव्हे.

वाचकहो, सुख म्हणजे दुःख मुळीच नसणे, अशी अपेक्षा धरली तर ते कधीच मिळणार नाही. पाऊस येणार, नदी वाढणार, संसार म्हटला की कुरबुरी होणार. पण दोन दुःखांच्या मधले जे साधे क्षण असतात, गरम भाकरीचे, लेकराच्या हसण्याचे, उघडीप पडल्यावर दिसणाऱ्या हिरव्या डोंगराचे, ते आपले लक्ष नसल्यामुळे वाया जातात. ते वाया जाऊ न देणे आपल्या हातात आहे. उद्या सकाळचा चहा मोबाईल बाजूला ठेवून, शेवटच्या घोटापर्यंत लक्ष देऊन पिऊन पाहा. एवढ्यापासून सुरुवात झाली तरी पुरे.